फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरची वर्गणी कोण भरतं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत मुलांनी नुसते गेम खेळत बसण्यापेक्षा गेम बनवायला शिकावं असा लेख छापलात, त्याबद्दल आधी मनापासून आभार. मी सांगलीत गेली बारा वर्षं कॉम्प्युटर क्लास चालवते. टायपिंग, टॅली, एमएससीआयटी हे तर आहेच, पण २०१८ पासून सातवी ते दहावीच्या मुलांची गेम बनवायची वेगळी बॅच घेते, त्यामुळे लेख एका दमात वाचला आणि कापून क्लासच्या बोर्डावर लावला. फक्त त्यातलं एक वाक्य मनात अडकून बसलंय. गेम बनवायचं गोडो, थ्रीडी मॉडेल बनवायचं ब्लेंडर, चित्रं काढायचं क्रिता ही सगळी सॉफ्टवेअर पूर्ण फुकट आहेत, डाउनलोड करा आणि लागा कामाला, अशा अर्थाचं काहीतरी होतं. खोटं काहीच नाही त्यात. पण एवढंच सांगून सोडून दिलं की पालकांना, मुलांना आणि आमच्यासारख्या शिकवणाऱ्यांनाही वाटायला लागतं की ही सॉफ्टवेअर पावसासारखी वरून पडतात. ती माणसं बनवतात, त्यांना घरभाडं असतं, पोरंबाळं असतात, आणि त्यांच्या पगारासाठी जगभरचे वापरणारे लोक महिन्याला थोडे थोडे पैसे टाकतात. माझ्या ओळखीत ही सॉफ्टवेअर वापरणारे दीडेकशे लोक तरी असतील, त्यात पैसे टाकणारे हाताच्या बोटांवर मोजता येतील. म्हणून हे पत्र.

ज्यांना गोडो माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते (आमची मुलं गोडॉट म्हणतात, मी दुरुस्त करत बसत नाही). गेम बनवायचं इंजिन म्हणजे ज्यात चित्रं, आवाज, उडी मारली की खाली पडणं, धडक बसणं, स्कोअर मोजणं हे सगळं एका ठिकाणी जुळवता येतं ते सॉफ्टवेअर. अर्जेंटिनातल्या हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मान्सूर या दोघांनी गोडो आधी स्वतःच्या कामासाठी बनवलं आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये सगळा कोड लोकांसाठी खुला करून टाकला. लायसन्स एमआयटी, म्हणजे तुम्ही गेम बनवला, विकला, त्यावर कोटभर कमावले तरी त्यांना एक रुपया द्यायची सक्ती नाही. डोम कीपर, ब्रोटाटो असे जगभर खपलेले गेम यावर बनलेत. डाउनलोड शंभर दोनशे एमबीच्या आतबाहेर, इन्स्टॉलसुद्धा करावं लागत नाही, आमच्या क्लासमधल्या चार जीबी रॅमच्या जुन्या मशीनवरही लहान गेमसाठी चालतं. ज्या मुलाच्या घरी सेकंडहँड लॅपटॉप आहे त्याच्यासाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे हे मला शब्दात सांगता येणार नाही.

आता मला हा वर्गणीचा विषय एवढा का लागून राहिलाय ते सांगते. २०२१ ची गोष्ट, लॉकडाऊननंतर क्लास नुकता सुरू झालेला, आठवीतल्या एका मुलीनं मराठी म्हणींचा गेम करायला घेतला. अर्धी म्हण डावीकडे, अर्धी उजवीकडे, बोटानं ओढून जोडायच्या, जुळली की टाळ्या. साठ म्हणी तिनं आजीला विचारून वहीत लिहून आणलेल्या. कोड दोन दिवसात झाला आणि तिसऱ्या दिवशी म्हणी टाइप करायला घेतल्या तर स्क्रीनवर सगळा गोंधळ. तेव्हा गोडोचं तिसरं व्हर्जन होतं आणि त्याला देवनागरीची अक्षरं जुळवताच येत नव्हती, एकापुढे एक नुसती ठेवून द्यायचं. ‘अति तिथं माती’ लिहिलं की पहिली वेलांटी त च्या आधी यायच्या ऐवजी त च्या नंतर जाऊन उभी. ‘टाळ्याला’ मधला ळ वेगळा, त्याचा पाय मोडलेला, आणि य त्याच्यापासून लांब. ‘गर्वाचं घर खाली’ मधला रफार वर चढलाच नाही, र नुसता हलंत होऊन मध्येच बसला. ‘नाचता येईना अंगण वाकडं’ तेवढी नीट दिसली कारण त्यात जोडाक्षर नाही आणि पहिली वेलांटी पण नाही. ती मुलगी माझ्याकडे बघून म्हणाली, मॅडम माझं शुद्धलेखन बरोबर आहे, कॉम्प्युटरचं चुकलंय. खरंच होतं तिचं.

मग आम्ही काय केलं तर क्रितामध्ये एकेक म्हण लिहायची, मागचं पान पारदर्शक ठेवायचं, पीएनजी सेव्ह करायचं, आणि गेममध्ये अक्षरं म्हणून न घालता चित्र म्हणून घालायचं. साठ म्हणींचे दोन दोन तुकडे म्हणजे एकशेवीस चित्रं! एकात अनुस्वार राहिला तर ते चित्र परत, अक्षर थोडं मोठं हवं म्हटलं तर सगळीच परत. तिनं केलं, चिकाटीची मुलगी, पण तिच्या बॅचमधल्या दोघांनी सरळ आपले गेम इंग्रजीत करून टाकले आणि त्यांना मी काही बोलू शकले नाही.

मार्च २०२३ मध्ये गोडोचं चौथं व्हर्जन आलं. आल्याच्या संध्याकाळी क्लास सुटल्यावर एकटी बसून डाउनलोड केलं, मुक्ता फाँट घातला (तो पण मुंबईतल्या ‘एक टाइप’ नावाच्या मंडळींनी खुला ठेवलेला, कोणीही वापरावा असा), एक लेबल टाकलं आणि त्यात ‘विठ्ठल’ लिहिलं. वेलांटी व च्या आधी आली, ठ खाली ठ बसला. मी मग ‘ज्ञानेश्वर’ लिहिलं, ‘कर्तृत्व’ लिहिलं, ‘उत्स्फूर्त’ लिहिलं, सगळं पुस्तकात छापल्यासारखं. अर्धा तास नुसते शब्दच टाइप करत बसले होते. दुसऱ्या दिवशी त्या मुलीला बोलावून दाखवलं, तेव्हा ती दहावीला होती, परीक्षा चालू, तरी तासभर बसून तिनं साठच्या साठ म्हणी परत टाइप करून घेतल्या.

हे कसं झालं ते मी नंतर शोधून वाचलं. अक्षरं जुळवायचं काम हार्फबझ नावाची एक लायब्ररी (म्हणजे तयार कोडचा संच) करते, तीही खुलीच, फायरफॉक्स, क्रोम, लिबर ऑफिस, अँड्रॉइड सगळीकडे तीच आहे, तुमचं माझं मराठी मोबाईलवर नीट दिसतं त्यामागे तिचा मोठा हात आहे. ती गोडोमध्ये बसवायची म्हणजे एक फाइल चिकटवण्याइतकं सोपं नव्हतं, अक्षर जिथे जिथे दिसतं ते सगळं मुळापासून बदलावं लागलं, बटणं, लेबलं, लिहायच्या चौकटी, उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या अरबी उर्दूसाठी अख्खी मांडणी उलटी करायची सोय, हे काम २०२० च्या सुमाराला सुरू झालं ते लोकांच्या हातात यायला २०२३ उजाडलं. एवढा काळ ते काम बघायला, तपासायला, बाकीच्या कोडशी भांडण होऊ न देता जोडून घ्यायला प्रोजेक्टमध्ये पगारावर माणसं होती म्हणून ते तडीस गेलं. आणि तो पगार कुठून? गोडोनं २०१७ मध्ये पेट्रिऑन या वेबसाइटवर महिन्याची वर्गणी सुरू केली, पहिलं ध्येयच हे की हुआनला पूर्णवेळ कामावर ठेवायचं, मग पुढे रेमी व्हर्शेल्ड यांना प्रोजेक्टची व्यवस्था बघायला, मग आणखी लोक. तोपर्यंत हे लोक दुसरी कामं करून रात्री जागून हे करत होते.

इथे मला जे सांगायचंय ते नीट लक्षात घ्या. गोडोला मोठ्या कंपन्यांनीही पैसे दिलेत. मोझिलानं २०१६ मध्ये २०,००० डॉलर दिले ते गेम ब्राउझरमध्ये चांगले चालावेत म्हणून, मायक्रोसॉफ्टनं २०१७ मध्ये २४,००० डॉलर दिले ते त्यांची सी शार्प ही प्रोग्रामिंगची भाषा गोडोत यावी म्हणून, एपिकनं २०२० मध्ये २,५०,००० डॉलर दिले आणि ते तर स्वतः अनरिअल नावाचं दुसरं इंजिन बनवतात. सगळ्यांचे आभारच मानले पाहिजेत, वेबवरचा गेम आमची मुलं मोबाईलवर मित्राला लिंक पाठवून दाखवतात तो त्याच वाटेनं आलेला आहे. पण कंपनी देणार तर बहुतेक वेळा तिला जे हवं त्यासाठी देणार, त्यात गैर काही नाही. मग देवनागरीची वेलांटी जागेवर यावी म्हणून कोणती कंपनी चेक लिहिणार होती? तमिळ, बंगाली, ख्मेर, अरबीसाठी कोण लिहिणार होतं? सांगलीतल्या आठवीतल्या मुलीच्या म्हणींना स्पॉन्सर कुठून आणायचा? असली कामं फक्त एकाच पैशातून होतात, कोणतीही अट न घालता हजारो लोकांनी दिलेल्या लहान वर्गणीतून. म्हणून माझं म्हणणं आहे की फुकट सॉफ्टवेअरमध्ये नवीन फीचर हवं असेल तर पैसे टाका, नेमानं टाका, आणि माझे पैसे अमक्याच फीचरला लावा असं म्हणू नका.

हे शेवटचं अनेकांना पटत नाही. माझाच एक जुना विद्यार्थी, आता पुण्यात एका स्टुडिओत आहे, तो म्हणतो मॅडम मी पैसे देणार तर मला काय मिळणार ते आधी कळायला नको का. प्रश्न रास्त आहे. क्रितावाल्यांनी हा प्रयोग करूनही पाहिलाय. २०१५ मध्ये लोकांकडून पैसे जमवायच्या किकस्टार्टर या वेबसाइटवर त्यांनी २०,००० युरो मागितले, ॲनिमेशन आणि मोठ्या चित्रावरचा वेग यासाठी, आणि वर जमतील त्या प्रत्येक १,५०० युरोमागे आणखी एक फीचर, कोणतं ते पैसे देणाऱ्यांनीच मत देऊन ठरवायचं. जमले ३०,००० च्या वर. ॲनिमेशन २०१६ च्या मे अखेरीस ३.० मध्ये आलं आणि आमच्या मुलांचे चालणारे, उड्या मारणारे बाहुले आजही त्यातच काढले जातात, त्यामुळे ती पद्धत वाईट असं मी अजिबात म्हणत नाही. पण त्याच २०१६ मध्ये टेक्स्ट (चित्रातली अक्षरं) आणि व्हेक्टर (कितीही मोठी केली तरी न बिघडणारी चित्रं) यासाठी पैसे गोळा केले ते लोकांच्या हातात पडायला मार्च २०१८ उजाडला, मधल्या काळात क्रिताच्या फाउंडेशनवर टॅक्सचं संकट आलं, लोकांनी परत मदत केली म्हणून निभावलं. ज्यानं एका फीचरचे पैसे आधीच दिलेत तो वाट बघतो, चिडतो, आणि करणारा दडपणाखाली येतो. घराचं कंत्राट देताना कसं, एवढ्या खोल्या एवढे पैसे, तसं सॉफ्टवेअरचं होत नाही, भिंत पाडायला घेतली की आत काय निघेल सांगता येत नाही.

बाउंटीचं तर त्याहून अवघड. म्हणजे अमुक काम करील त्याला अमुक बक्षीस. बाहेरचा कोणीतरी येतो, घाईनं कोड लिहितो, पैसे घेतो, जातो. पुढच्या सहा महिन्यात त्यात बग म्हणजे चुका निघाल्या की निस्तरणार कोण, तर तेच कायमचे दोन चार लोक ज्यांना त्या बक्षिसातला छदाम मिळालेला नसतो. आमच्या गल्लीत एका दानशूर माणसानं शाळेला कूलर दिला होता, चांगला मोठा, त्याची वीज आणि दुरुस्ती कोणी द्यायची ते बोललंच नव्हतं कोणी, दोन उन्हाळ्यात तो अडगळीत गेला.

आणि नवीन फीचरचंच काय घेऊन बसलात, आहे ते चालू ठेवणं हे मोठं काम आहे आणि त्याला पैसे मिळणं सगळ्यात अवघड. एक उदाहरण देते, प्ले स्टोअरचा दरवर्षीचा नियम असतो की गेम अँड्रॉइडच्या नव्या व्हर्जनला धरून बनवलेला पाहिजे, नाहीतर अपलोडच घेत नाहीत. म्हणजे गोडोमधली अँड्रॉइडसाठी गेम बाहेर काढायची सोय दरवर्षी कोणीतरी बसून नवी करायची, तपासायची, जुन्या फोनवर बिघडत नाही ना बघायचं. केलं तर कोणाच्या लक्षात येत नाही, नाही केलं तर आमच्या बॅचच्या एकाही मुलाचा गेम प्ले स्टोअरवर जाणार नाही. बग कळवणाऱ्या हजारो नोंदी गिटहबवर (कोड जिथे ठेवलेला असतो त्या वेबसाइटवर) पडलेल्या असतात, त्यातली एकेक वाचायची, खरंच तसं होतंय का करून बघायचं, कोणीतरी सुधारून पाठवलेला कोड ओळ न ओळ तपासायचा. मी स्वतः एकदा मराठी लिहिताना कर्सर चुकीच्या जागी जातोय म्हणून नोंद केली होती, फोटो जोडून, तर पलीकडून अगदी शांतपणे चार प्रश्न विचारले गेले, कोणता फाँट, कोणती ऑपरेटिंग सिस्टीम, कोणता शब्द, आणि मग ते सुटलं. कुठल्या देशातला माणूस, त्याला मराठी वाचता येत नसणार, तरी त्यानं माझा शब्द अक्षर अक्षर करून तपासला. त्या माणसाच्या वेळेचे पैसे कोणी दिले असतील तर ते महिन्याला पाच युरो वर्गणी टाकणाऱ्या कोणीतरी.

सप्टेंबर २०२३ मध्ये काय झालं ते गेमवाल्यांना आठवत असेल. युनिटी नावाचं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं इंजिन, त्या कंपनीनं १२ सप्टेंबरला अचानक जाहीर केलं की कमाईची आणि इन्स्टॉलची ठराविक मर्यादा ओलांडली की पुढे गेम जितक्या वेळा इन्स्टॉल होईल तितक्या वेळा आम्हाला पैसे द्यायचे, २,००,००० डॉलर कमाई आणि २,००,००० इन्स्टॉलनंतर दर इन्स्टॉलला २० सेंटपर्यंत. आधी बनवलेल्या गेमलाही पुढच्या इन्स्टॉलसाठी लागू! गणपतीला आठवडा राहिलेला, आमचा तो पुण्याचा विद्यार्थी रात्री अकराला फोन करून विचारत होता की मॅडम गोडो किती दिवसात शिकता येईल. जगभर बोंब झाली, कंपनीनं नियम सौम्य केला, प्रमुखाला पायउतार व्हावं लागलं, आणि वर्षभरानं २०२४ च्या सप्टेंबरात तो प्रकार रद्दच केला. पण त्या दिवसात लोकांना कळलं की दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर घर बांधलं की काय होतं. गोडोचं फाउंडेशन नेदरलँड्समध्ये उभं राहिलं होतं आणि त्याचा डेव्हलपमेंट फंड जुलै २०२३ मध्येच सुरू झाला होता, त्यात लोकांनी भराभर वर्गणी टाकली. टेरारिया हा गेम बनवणाऱ्या री-लॉजिक कंपनीनं गोडोला १,००,००० डॉलर आणि वर महिन्याला १,००० डॉलर जाहीर केले, एफएनए या दुसऱ्या खुल्या प्रोजेक्टलाही तेवढेच. टेरारिया गोडोवर बनलेला नाही, आणि पैसे देताना त्यांनी एकाही फीचरची मागणी केली नाही. असं देणं मला फार आवडतं.

ब्लेंडरची गोष्ट तर याहून जुनी आहे आणि ती मी प्रत्येक नव्या बॅचला सांगते. २००२ मध्ये ब्लेंडर बनवणारी कंपनी बंद पडली, कोड गुंतवणूकदारांच्या ताब्यात, ब्लेंडरचे मूळ कर्ते टोन रोझेनडाल यांनी त्यांना विचारलं की सोडायला काय घ्याल, ते म्हणाले १,००,००० युरो. लोकांकडे मागितले आणि सात आठवड्यात जमले, त्या ऑक्टोबरात ब्लेंडर सगळ्यांचं झालं. तेव्हा फेसबुक नव्हतं, यूपीआय नव्हतं. आज आमची नववीतली मुलं त्यात बैलगाडी, वाडा, कृष्णेचा घाट असली मॉडेल बनवतात ती त्या सात आठवड्यांची कमाई आहे.

आता आपल्याकडून पैसे पाठवायची अडचण सांगते, कारण द्यायची इच्छा असणारेही इथेच गळतात. मी विदेशी वर्गणी महिन्याच्या हिशेबानं कार्डावर लावली होती. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम लागू झाला की कार्डातून आपोआप दर महिन्याला कापल्या जाणाऱ्या पैशासाठी आधी ग्राहकाची रीतसर नोंदणी आणि मंजुरी पाहिजे. नियम लोकांच्या भल्याचा आहे, नकळत पैसे कापले जाण्याचे प्रकार मी आमच्या गल्लीतच पाहिलेत. पण परदेशातल्या लहान संस्थांकडे ती नोंदणीची व्यवस्था नसायची, त्यामुळे माझी वर्गणी पुढच्या महिन्यात नाकारली गेली, त्याच्या पुढच्याही, बँकेत गेले तर काउंटरवर कोणाला काही सांगता येईना, एकानं तर विचारलं मॅडम फॉरेनला दान कशाला, इथे देवळं नाहीत का. शेवटी मी महिन्याचं सोडून वर्षातून एकदा ओटीपी घालून एकरकमी पाठवते, ते जातं. रक्कम युरोत, वर बँकेचं विदेशी व्यवहाराचं शुल्क, आणि दानावरची आयकरातली ८०जी ची सवलत नाही कारण संस्था भारतातली नाही. हे सगळं सोसून कॉलेजातला मुलगा पाचशे रुपये पाठवील ही अपेक्षा मी करणार नाही. यूपीआयनं देता आलं तर माझी खात्री आहे आपल्याकडून वर्गणीचा ओघ लागेल, कारण दहा वीस रुपये द्यायला आपला माणूस मागे पुढे बघत नाही, दारात पावतीपुस्तक घेऊन आलेल्या मंडळाच्या पोरांना कोणी रिकाम्या हातानं पाठवतं का.

आणि वर्गणी कोणी द्यायची यात पण गल्लत नको. ज्याच्याकडे सेकंडहँड लॅपटॉप आहे त्या मुलानं नाही द्यायची. त्यानं वापरावं, बग कळवावा, जमलं तर गोडोच्या मराठी भाषांतरात चार ओळी भराव्यात, ते काम बरंच बाकी आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. द्यायची ती आमच्यासारख्यांनी जे यावर फी घेतो. गेम डिझाइनच्या कोर्सला लाखालाखात फी घेणाऱ्या संस्था आहेत, शिकवतात ब्लेंडरवर, गोडोवर, म्हणजे ज्या वर्गात दुसऱ्या सॉफ्टवेअरची लायसन्स घ्यायला काही लाख गेले असते तिथे शून्य गेले. त्यातल्या एका विद्यार्थ्याची एका वर्षाची फी जरी या तीन प्रोजेक्टला वाटून दिली तरी संस्थेला कळणारही नाही. मी अशा दोघांशी बोलले, दोघंही म्हणाले फुकटच आहे ना मग कशाला. फार वाईट वाटलं मला त्याचं.

कर्मवीर भाऊराव पाटील आमच्या जिल्ह्यातल्या ऐतवडे बुद्रुकचे. रयतच्या मुष्टिफंडाची गोष्ट आमच्या आजीच्या तोंडून ऐकलेली, रोजच्या दाण्यातली एक मूठ बाजूला काढून ठेवायची, ती शाळेसाठी. ज्या बाईनं मूठ काढली तिनं काही अमुकच वर्गाला बाक घ्या असं सांगितलं नव्हतं. आमच्या क्लासमध्ये दोन वर्षांपासून तसंच ठेवलंय, मुलांकडून वेगळं काही घेत नाही, प्रत्येकाच्या महिन्याच्या फीमधले वीस रुपये एका डब्यात वेगळे काढते. चाळीस मुलं, बारा महिने, ९,६०० रुपये, म्हणजे शंभर युरोच्या आसपास. अर्धे गोडोला आणि उरलेले क्रिता आणि ब्लेंडरला. पाठवायच्या दिवशी मुलांनाच बसवते स्क्रीनसमोर, रक्कम त्यांनीच टाकायची, ओटीपी मी सांगते. सातवीतल्या एका मुलानं विचारलं की मॅडम आपल्या पैशात त्या माणसाचे किती तास येतील. मी हिशेब करून सांगितलं की फार तर दोन चार तास येतील, तो म्हणाला मग एक बग तरी होईल की. होईल ना, का नाही होणार!

आपल्या देशातही याचा विचार सुरू झालाय, बेंगळुरूच्या झेरोधा या शेअर ब्रोकर कंपनीनं २०२४ च्या ऑक्टोबरात वर्षाला दहा लाख डॉलर खुल्या सॉफ्टवेअरसाठी द्यायचा फंड जाहीर केला, जगातल्या कुठल्याही प्रोजेक्टला. आणि आपल्या राज्य सरकारनं २०२५ मध्ये ॲनिमेशन, गेमिंग वगैरेसाठी ३,००० कोटींच्या वरचं धोरण मंजूर केलंय. त्यात पार्क होतील, इमारती होतील, ते व्हायलाच पाहिजेत. पण ज्या अवजारांवर गावागावातली मुलं शिकणार आहेत ती अवजारं चालू ठेवणाऱ्यांसाठी त्यातला एक छोटा वाटा, आणि मराठी मजकूर, मराठी मदतपुस्तिका, मराठी भाषांतर यासाठी दोन तीन पगारी माणसं, एवढं कोणीतरी संबंधितांच्या कानावर घालावं अशी आपल्यामार्फत विनंती. अशी माणसं आपल्या पैशावर मूळ प्रोजेक्टमध्ये काम करायला लागली तर आपल्या अडचणी तिथे आपोआप पोचतील, आज आम्ही नोंदी टाकून वाट बघतो.

पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा सॉफ्टवेअरच्या नावाशेजारी त्याचा वर्गणीचा पत्ता पण एका छोट्या चौकटीत द्याल का? भारतातल्या कार्डावरून कोणत्या प्रोजेक्टला एकरकमी पैसे जातात आणि कुठे अडतात ते मी गेल्या चार वर्षात करून बघितलंय, तो सगळा कागद मी तुमच्या पुरवणीला पाठवायला तयार आहे, टाइप करूनच ठेवलाय.

आपली,
एक कॉम्प्युटर शिक्षिका, सांगली